व्याह्यांची चार पाने

मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नागपुरातील सदर भागातील एका सल्लागार संस्थेच्या सभागृहात मला आणि माझ्या व्याह्यांना असे सांगण्यात आले की, अकरावीतील मुलीने उन्हाळ्यात एखाद्या विद्यापीठात तीन आठवडे राहून आल्याशिवाय तिचा पुढील प्रवेशाचा अर्ज फिका दिसतो. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी व्याह्यांनी अशा एका विद्यापीठास आमच्या नातीविषयी चार पानी पत्र लिहून पूर्ण केले. ते पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, त्यातील प्रत्येक शब्द वाचल्याचे उत्तर आले. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी नात तिकडे गेली, आणि अकरा वर्षांत प्रथमच तिचा मे महिना नागपूरविना गेला. या घटनाक्रमास मी त्या उन्हाळी कार्यक्रमाचे संचालक, सदरची सल्लागार संस्था, माझा स्वतःचा मुलगा आणि आमचे व्याही यांना, याच उतरत्या क्रमाने, जबाबदार धरतो. माझा प्रश्न एकच आहे: ते चार पानी पत्र तेथे कोणी वाचले काय? तो मी तीन वेळा पोचपावतीसह लेखी विचारला आहे. आता तो वाचकांसमोर ठेवतो. परंतु ज्यांनी ते पत्र लिहिले ते गृहस्थ कोण, हे समजल्याशिवाय प्रश्नाचे वजन कळावयाचे नाही.

स्तुतीच्या बाबतीत आमच्या व्याह्यांएवढा हात आखडता मनुष्य रामटेकपासून उमरेडपर्यंत सापडणार नाही. ते माझ्या सुनेचे वडील. नोकरीची चौतीस वर्षे त्यांनी पारशिवनीजवळच्या एका खेड्यातील शाळेत काढली, त्यांतील अखेरची सोळा मुख्याध्यापक म्हणून. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात. पहिल्यात ते 'समाधानकारक' लिहीत आणि दुसऱ्यात 'चांगली'. याहून मोठा शब्द त्यांच्या लेखणीतून कधी उतरला नाही. त्यास कारण आहे. त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी एकदा भरात येऊन एका मुलाच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्कृष्ट' असे लिहिले, आणि त्याच मुलाने जाता जाता शाळेची पितळी घंटा काढून भंगारवाल्याकडे पोहोचवली. चौकशी लागली ती घंटेची नव्हे, विशेषणाची. तेव्हापासून व्याह्यांनी विशेषणांशी संबंध तोडला. त्यांच्या मुलीच्या, म्हणजेच माझ्या मुलाच्या, लग्नात पंगती उठल्यावर मी रीतीप्रमाणे म्हणालो की व्यवस्था अतिशय उत्तम झाली. वधुपित्याने संकोचून हात जोडावेत, एवढीच अपेक्षा होती. ते म्हणाले, "उत्तम नाही जी, समाधानकारक. वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं." नात झाली तेव्हा दवाखान्यातील पाळण्यावर वाकून त्यांनी बराच वेळ पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि आपल्या लेकीला म्हणाले, "ठीक आहे." लेक रडू लागली. आजूबाजूच्या बायकांना वाटले की बिचारीचे मन दुखावले. ती मात्र आजही सांगते की बाबांचा आवाज एवढा हळू झालेला तिने त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

दुसरी गोष्ट घड्याळाची. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा, म्हणून व्याह्यांची कोणतीही भेट पस्तीस मिनिटांची. सायंकाळी पाच वाजता त्यांची जुनी मोपेड आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, फाटकाशी येऊन खोकते आणि पाच पस्तीस झाले की, वाक्य माझे असो वा त्यांचे, ते अर्ध्यावर टाकून गृहस्थ उठतात. एकदा सामाईक विहिरीच्या एका जुन्या दाव्याची हकीकत मी त्यांना सांगत होतो. मी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत अधीक्षक होतो, त्यामुळे अशा हकीकती माझ्यापाशी पुष्कळ आहेत. निकाल कोणाच्या बाजूने लागला एवढे सांगावयाचे उरले असता ते चपला शोधू लागले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता, खुर्चीत टेकण्यापूर्वी, त्यांनी विचारले, "मंग विहीर कोणाले भेटली?" असा हा हिशेबी मनुष्य, परंतु माझी पत्नी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सकाळी दहाला आला आणि दुपारी दोनपर्यंत माझ्यासमोर बसून राहिला. सांत्वनाचा एक शब्द नाही, घड्याळाकडे एक नजर नाही. त्यांची पत्नी त्यापूर्वी दोन वर्षे गेली होती. अशा वेळी काय बोलू नये, हे त्यांना ठाऊक होते.

नात पाच वर्षांची झाली त्या उन्हाळ्यापासून ती दर मे महिन्यात हैदराबादेहून नागपुरास येऊ लागली. त्या दिवसांत ज्यांना शक्य असते ते नागपूर सोडून जातात. ही एकटीच उलट दिशेने येत असे. एक नात, दोन आजोबा आणि एकतीस दिवस, तेव्हा वाद अटळ होता. म्हणून मी नऊ कलमांचे एक करारपत्र तयार केले. पहिले पंधरा दिवस ताबा माझा, शेवटचे पंधरा दिवस त्यांचा. कुल्फी दिवसास एक. कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम ज्याच्याकडे ताबा त्याचे. व्याह्यांनी प्रत्येक कलमापुढे बरोबरची खूण केली आणि खाली शेरा मारला, "मसुदा समाधानकारक." प्रश्न उरला सोळा तारखेचा. ती दोघांनीही मागितली, आणि अखेर त्या दिवशी तिघांनी एकत्र जेवावे असे ठरले. परंतु जेवावे कोठे? व्याही लेकीच्या सासरी अन्न घेत नाहीत. लेकीला मूल झाले की ही जुनी रीत सुटते, असे मी त्यांना अनेकदा दाखवून दिले; त्यांचे म्हणणे असे की सूट म्हणजे सक्ती नव्हे. लेक आणि जावई हैदराबादेस असतात, या घरात सासर म्हणून आता मी एकटाच उरलो आहे, हा माझा युक्तिवादही टिकला नाही. तेव्हा सोळा मेचे जेवण सीताबर्डीवरील एका खाणावळीत, तटस्थ भूमीवर, होऊ लागले. नात दोघांच्या ताटांतील पापड खाई आणि निकाल कोणाच्याच बाजूने देत नसे.

या वर्षी फेब्रुवारीअखेर माझ्या मुलाचा फोन आला. नातीला बारावीनंतर परदेशात शिकावयाचे आहे. त्यासाठी दक्षिणेत समुद्रकाठी असलेल्या एका खाजगी विद्यापीठाचा उन्हाळी कार्यक्रम तिने करावा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. सल्ला देणाऱ्यांची शाखा सदरला आहे, तुम्ही दोघे जाऊन ऐकून या, असे त्याने सुचवले. त्याप्रमाणे आम्ही गेलो. पडद्यावर हिरवळ, हिरवळीवर हसणारी मुले आणि मुलांच्या हाती वह्यांऐवजी टोप्या, असे बरेच दाखवण्यात आले. प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा मी उठून विचारले की, हा कार्यक्रम केल्याने प्रवेश मिळण्यास मदत होते काय. उत्तर हो किंवा नाही एवढेच द्यावे. बोलणारी बाई तरुण होती आणि उद्धट मुळीच नव्हती. ती म्हणाली, "सर, असं यस-नो मध्ये नाही सांगता येत. केलं म्हणजे ॲडमिशन होईलच असं नाही. पण बाकीच्यांनी केलं आणि हिनं नाही केलं, तर प्रोफाइल वीक दिसते ना." हे उत्तर मी तेथेच लिहून घेतले. नोकरीच्या सदतीस वर्षांत मी पुष्कळ साक्षीदार ऐकले; एकाच दमात दोन्ही पक्षांच्या बाजूने साक्ष देणारा एवढा तयार साक्षीदार मला भेटला नव्हता. तोच शेजारी व्याह्यांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "म्हणजे मॅडम, रस्त्यानं जाताना देऊळ लागलं का आपण हात जोडतो, तसं. देव काही करून नाही राहिला. पण न जोडता पुढं गेलं तं दिवसभर खटकते." ती बाई मोकळेपणाने हसली आणि "बरोब्बर काका" म्हणाली. सबंध सभेत तेवढे एकच खरे वाक्य उच्चारले गेले.

परतताना मी व्याह्यांच्या मोपेडवर मागे बसून त्यांना समजावत होतो की आपण दोघांच्या सहीने लेखी हरकत घेऊ. जी गोष्ट उपयोगाची आहे असे विकणारासही म्हणता येत नाही, तिच्यासाठी मुलीने मे महिना का घालवावा? व्याह्यांनी गाडी कडुनिंबाखाली थांबवली, पण मान मागे वळवली नाही. ते म्हणाले, "मी शाळेवर होतो तेव्हा जिल्ह्यातून कागद आला होता इवाई. हुशार पोरगी निवडा, उन्हाळ्यात नागपूरले विज्ञानाचं शिबिर आहे, पंधरा दिवस. पोरगी होती माझ्याजवळ. पण सोबत कोण जाईन, ऊन किती आहे, म्हणून मी त्या कागदावर लिहिलं, सोयीअभावी पाठवता येत नाही. ते पोरगी आता गावातच आहे. सुखात आहे. भेटली का सर म्हणून पाया पडते, अन् मले तो कागद दिसते." आमच्याकडील खेड्यांत व्याह्याला इवाई म्हणतात, परंतु हा शब्द एवढ्या जड आवाजात मी प्रथमच ऐकला. मग ते म्हणाले, "एकीले मी घरी बसवलं. दुसरीले नाही बसवत." आणि त्यांनी किक मारली. हरकतअर्ज तेथेच निकालात निघाला.

विद्यापीठाच्या अर्जात एक रकाना होता. विद्यार्थिनीला लहानपणापासून पाहिलेल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने तिच्याविषयी लिहावे, स्वतःच्या भाषेत आणि मोकळेपणाने लिहावे, आम्ही प्रत्येक शब्द वाचतो, अशी तेथे छापील हमी होती. नातीने हे काम आपल्या आबाजींना, म्हणजे व्याह्यांना, सांगितले. मला सांगितले नाही. माझी पत्रे लांब होतात असे तिचे मत आहे, आणि ते मी नोंदवून पुढे जातो. व्याह्यांनी त्याच संध्याकाळी काम उरकले. कागदावर लिहिले, "प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली," आणि सही केली. मी त्यांना म्हणालो की हे तर तुम्ही अर्ध्या तालुक्याविषयी लिहिले आहे. त्यांनी कागद खिशात घातला आणि पुढचे आठ दिवस त्यांची मोपेड आली नाही. नवव्या दिवशी ते आले, हाती चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. कायद्याच्या दृष्टीने काही चूक असल्यास पाहा, असे म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले.

त्या चार पानांत एकही विशेषण नव्हते. त्यांच्याच शब्दांत सांगतो. सातव्या वर्षी तिने कूलरच्या टाकीत पडलेली सरड्याची पिल्ले चमच्याने बाहेर काढली. नवव्या वर्षी मला ताप असता तिने माझ्या उशाशी बसून एकोणतीसचा पाढा पाठ म्हटला आणि चुकली तेथे पहिल्यापासून म्हटला. तिची आजी गेली त्या वर्षी तिने आठ दिवस आजीच्या खुर्चीत कोणाला बसू दिले नाही. नवव्या दिवशी स्वतः तीत बसली आणि मला म्हणाली, आबाजी, आता जेवा. अशा केवळ नोंदी, वर्षानुक्रमे, खाडाखोड नसलेल्या. आणि अगदी शेवटी हा परिच्छेद: "तेव्हापासून ही मुलगी एकटी जेवत नाही. समोर कोणी बसलेले लागते. त्याने बोललेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे तिच्यासमोर जेवावयास कोण बसेल, ते कृपया कळवावे." मी दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. त्याहून अधिक काही करण्यास माझा हात धजला नाही. पाने हैदराबादेस पाठवली, तेथे नातीने त्यांची छायाचित्रे घेऊन अर्जास जोडली. ती इंग्रजी शाळेतली. हाताने लिहिलेले मराठी तिला सावकाश वाचावे लागते. मुदत संपत आली होती, म्हणून नंतर वाचीन म्हणाली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले, ते वर सांगितलेच आहे. आपल्या पत्रातील प्रत्येक शब्द आम्ही वाचला, त्यातून विद्यार्थिनीचे विलक्षण नेतृत्वगुण दिसून येतात, तिची निवड करण्यात येत आहे, असा त्याचा मराठी आशय. तो व्याह्यांनी माझ्याकडून तीनदा ऐकला. "पाहा इवाई. तुम्ही उगाच बोलता. वाचतात माणसं." त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, हे मी हळूच निदर्शनास आणले. ते म्हणाले, "ते वेगळं येईन जी. जेवणाचा विभाग वेगळा असते." पुढे मुलाकडून मला समजले की त्याच्या कचेरीतील एका सहकाऱ्याच्या मुलासही अक्षरशः हेच उत्तर आले होते. त्याच्याही पत्रातील प्रत्येक शब्द वाचण्यात आला होता, त्याचेही नेतृत्वगुण विलक्षण होते, आणि त्याने तो रकाना कोरा सोडला होता. हे मी व्याह्यांना सांगितले नाही. न्यायालयाच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाने पुरावा दडवून ठेवण्याची ही माझी पहिली वेळ.

व्याह्यांनी मात्र तयारी चालवली होती. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. त्यांनी दोन पांढरे कांदे निवडून कुरिअरने हैदराबादेस पाठवले, आणि डावा खिसा, उजवा खिसा असे कागदी चिठ्ठ्यांवर लिहिले. मी त्या अवधीत कार्यक्रमाच्या नियमावलीचे वाचन केले. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिले होते की आपले पाल्य इतरांच्या पुढे राहील. नियमावलीच्या अखेरीस मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की या सहभागामुळे कोणत्याही प्रवेशप्रक्रियेत कसलेही प्राधान्य मिळणार नाही. मी संचालकांना तीन पत्रे पाठवली. तिन्हींस एकच उत्तर आले, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मी अभिप्राय दिलाच नव्हता. मी प्रश्न विचारला होता.

मे महिना आला तसा गेला. सकाळी पेपर, दुपारी पंख्याचा आवाज, मध्येच दारावर कोणी आल्याचा भास, आणि दार उघडले की ऊन. सवयीने मी नातीच्या खोलीतील कूलरमध्येही पाणी भरून ठेवले, आणि तेथे कोणी झोपणारे नाही हे बादली रिकामी झाल्यावर आठवले. सोळा तारखेस दुपारी बाराच्या उन्हात फाटकाशी मोपेड खोकली. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, एका हाती डबा, दुसऱ्या हाती पाण्याची बाटली. "अन्न माझं, पाणी माझं. टेबल तेवढं तुमचं," असे म्हणत व्याही आत आले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी डबा उघडला. वीस वर्षांत प्रथमच ते या घरात जेवले. मीठसुद्धा पुडीत बांधून आणले होते.

तेथे, जेवता जेवता, मी त्यांना कोऱ्या रकान्याची हकीकत सांगितली. ज्याच्या बाबतीत निर्णय होतो त्याला वस्तुस्थिती कळली पाहिजे, हा नियम मी किती दिवस मोडावा? ते पोळीची घडी करीत राहिले. मग म्हणाले, "मले माहीत होतं जी. वाचलं असतं तं एखाद्यानं ओळ लिहिली असती, का आमच्या मेसची बाई बसते समोर, काळजी नका करू. तेवढं लिहाले काय लागते?" त्यांनी बाटलीतले पाणी प्यायले. "अन् मी तरी कुठं वाचलं? सोळा वर्षं बापायचे अर्ज आले माझ्या टेबलावर. पोरीचं नाव कमी करा, पोराचं नाव कमी करा. खाली सही करत गेलो. कोणाच्या अर्जात काय प्रश्न होता, आता कसं सांगू?" मी विचारले की मग मी हा पत्रव्यवहार थांबवू काय. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून थांबवता? विचारा. चार लोकाइत विचारा. मले तं कोणी विचारलंच नाही." भात निवला तरी आम्ही दोघेही उठलो नाही.

नात आता हैदराबादेस परतली आहे, शाळा सुरू झाली आहे. तिला मिळालेल्या प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट' असे छापलेले आहे, आणि ते सर्वांच्याच प्रमाणपत्रांवर छापलेले आहे. हे ऐकून व्याही दचकले. "सगळ्याइले? घंटा सांभाळा म्हणा." न्यायबुद्धीने हेही नमूद करतो की समुद्रातील गोगलगायींविषयी शिकवणाऱ्या एक बाई तिला फार आवडल्या, आणि त्या गोगलगायींविषयी ती फोनवर अर्धा तास बोलली. मी तिला विचारले की आबाजींच्या पत्राचा तेथे कोणी उल्लेख केला काय. ती म्हणाली, "कोणतं पत्र, आजोबा?" आणि मग, "अच्छा, ते. माझं वाचायचंच राहिलं." मी विचारले की जेवावयास कोणाबरोबर बसत होतीस. "सगळे फोन बघत जेवायचे. मी पण."

पुढल्या वर्षी तिला प्रवेश मिळेल किंवा मिळणार नाही. मिळाल्यास त्या तीन आठवड्यांचे श्रेय किती, न मिळाल्यास दोष किती, हे कोणास कधीही सिद्ध करता येणार नाही. हा व्यवसाय त्याच खात्रीवर उभा आहे. तो वाद मी आज घालत नाही. मला माफी नको, खुलासाही नको. माझी मागणी एवढीच आहे की, संबंधित संचालकांनी स्वतःच्या सहीने, याच पानांवर, ती चार पाने उघडली गेली काय आणि कोणी उघडली, हे सांगावे. खाजगी उत्तर स्वीकारले जाणार नाही, कारण असा प्रश्न लिहून वाट पाहणारे आमचे व्याही एकटेच असतील असे मला वाटत नाही. उत्तर 'कोणी नाही' असे असल्यास तेही लिहावे. ते सहन करण्याइतके आमचे वय झाले आहे. तीन आठवडे, दिवसातून दोन वेळा, एक सोळा वर्षांची मुलगी आपल्या भोजनगृहात ताट घेऊन बसली होती. तिच्यासमोर कोण बसले होते?